रंगपटाची भिंत: नागपुरातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या दुरुस्तीचे प्रकरण

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सभागृहाच्या छताचा गिलावा पडला तेव्हा आत कोणी नव्हते. मंगलोरी कौलांखाली लाकडी पट्ट्यांवर थापलेला तो चुन्याचा गिलावा मंचाच्या समोरच्या तीन रांगांवर पडला आणि दुसऱ्याच दिवशी संस्थेने सभागृह, मागचा रंगपट (नटांची रंगभूषेची खोली) आणि दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या कुलूपबंद केल्या. चार महिन्यांवर गॅदरिंग होते. बांधकाम समितीने एका अभियंत्याकडून पाहणी करवली आणि अहवालात छत, तुळया, ओल, भेगा यांच्याबरोबर एक ओळ आली: रंगपटाच्या भिंतींवर विद्यार्थ्यांनी केलेल्या लिखाणामुळे विद्रूपीकरण झाले आहे, संपूर्ण गिलावा काढून सिमेंटचा नवा गिलावा व दोन हात ऑइल पेंट करावा.

या एका ओळीवरून पुढचे सहा महिने वाद झाला. मला संस्थेने वास्तुविशारद म्हणून बोलावले ते या वादाच्या मधोमध. महाविद्यालयाचे नाव इथे देत नाही, कारण नागपुरात अशी परिस्थिती असलेल्या इमारती बऱ्याच आहेत आणि मुद्दा एका संस्थेचा नाही.

सीताबर्डीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंतचा पट्टा हा नागपूरच्या उच्च शिक्षणाचा जुना पत्ता. हिस्लॉप कॉलेज १८८३चे, मॉरिस कॉलेज १८८५चे, महाराजबागेला लागून असलेले कृषी महाविद्यालय १९०६चे. नागपूरला स्वतःचे विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ला मिळाले. तोवर इथली महाविद्यालये आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हे बंगाली, शहर मध्य प्रांताची राजधानी, विद्यार्थी छिंदवाडा, जबलपूर, रायपूरपासून वऱ्हाडापर्यंतचे. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती हिदायतुल्ला रायपूरहून मॉरिस कॉलेजात शिकायला आले ते याच काळात. आपले सभागृहही याच मिश्र शहराने बांधलेले. जोते काळ्या पाषाणाचे, वरच्या भिंती आणि कमानी कामठी-सिलेवाड्याकडच्या पिवळसर वालुकाश्माच्या, सांधे चुन्याचे, छताला सागवान. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचे आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी तर होतेच, पण भूगर्भाचेही अभ्यासक होते, आणि सिलेवाड्याच्या खाणीतल्या याच खडकात त्यांनी वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले होते. तो दगड किती मऊ असतो हे नखाने ओरखडा काढला तरी कळते. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

रंगपटात काय लिहिले होते

मंचाच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, लांबट खोली. एका भिंतीला आरसे होते त्याचे खिळे उरलेत. चारही भिंतींवर, डोक्याच्या उंचीपासून सुरू होऊन खाली गुडघ्यापर्यंत आणि वर छताला टेकेपर्यंत, ओळी. एका ओळीत एका वर्षाचे नाटक: वर्ष, नाटकाचे नाव, पात्रे, आणि शेवटी एक नाव अधोरेखित. सर्वांत जुनी वाचता येणारी ओळ तिसाच्या दशकाच्या शेवटाची आहे.

अधोरेखित नाव प्रॉम्प्टरचे, म्हणजे विसरलेले संवाद हळूच पुरवणाऱ्याचे. इथला रिवाज असा की ओळ लिहायची ती प्रॉम्प्टरने. विंगेत उभे राहून ज्याने सगळ्यांना सांभाळले त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत शेवटी बारीक अक्षरात येते किंवा येतच नाही, म्हणून भिंतीवर अक्षर त्याचे. प्रयोग संपल्यावर, रंग उतरवायच्या आधी, सगळे उभे असताना लिहायचे. दुसरा नियम त्याहून कडक: कुणाच्या ओळीवर लिहायचे नाही आणि कुणाची ओळ पुसायची नाही. त्यामुळे जागा संपत गेली तशी मुले टेबलावर टेबल ठेवून वर चढली. छताजवळच्या ओळी पाहताना माझीच मान दुखली, लिहिणाऱ्याचे काय झाले असेल कोण जाणे.

वाचत गेले की शहराचा इतिहास आपोआप दिसतो. सुरुवातीच्या ओळींत मराठी आणि हिंदी जवळजवळ बरोबरीने आहेत, एक बंगालीतही आहे. १९५६ला राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला, त्यानंतर हिंदी ओळी विरळ होत जातात. आधीच्या नाटकांत सगळी नावे पुरुषांची, स्त्रीपात्रांसमोरसुद्धा. मग एका वर्षी दोन मुलींची नावे येतात, पण ती ओळीच्या टोकाला, जरा वेगळी लिहिलेली. पुढे ती मधे सरकतात. काही वर्षे कोरीच आहेत. त्या वर्षी नाटक झाले नाही की प्रॉम्प्टर विसरला, यावर माजी विद्यार्थ्यांत आजही दोन तट आहेत.

लिहायचे साहित्यही बदलले. आधी गेरू आणि काजळ, म्हणजे रंगभूषेच्या पेटीत जे सापडेल ते. मधल्या काळात पत्र्याच्या डब्यातला एनॅमल. शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत मार्कर. आणि गंमत अशी की सर्वांत स्पष्ट ओळी काजळाच्या आहेत, सर्वांत पुसट मार्करच्या. काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन, उजेडाने तिला काही होत नाही. मार्करच्या शाईतले रंग मात्र खिडकीतून येणाऱ्या उन्हाने उडून जातात. ‘पर्मनंट’ लिहिलेल्या पेनाने दहा वर्षांपूर्वी लिहिलेले नाव आज तिरपी बॅटरी मारून वाचावे लागते.

अशी आणखी एक परंपरा इथे होती, पोर्चच्या पायऱ्यांवरून निवडणुकीची भाषणे करण्याची. १९९४च्या विद्यापीठ कायद्यानंतर राज्यात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि ती गेली. मागे काही उरले नाही. पण इमारतीच्या हेरिटेज यादीच्या कागदात फोटो आहे तो पोर्चचा. रंगपटाचा उल्लेख कुठेच नाही. आपल्या याद्या दर्शनी भागाकडे बघून बनतात, आणि आतल्या खोलीत कुणाला काय आठवते हे भरायला त्यांत रकाना नसतो.

भिंत वाजवून पाहणे

पाहणी करणाऱ्या अभियंत्याचा तर्क साधा होता: खोली दिसायला खराब, म्हणून गिलावाही खराब. तो तपासला नव्हता. चुन्याच्या गिलाव्याची पहिली परीक्षा फार जुनी आणि फुकट आहे. बोटाच्या पेराने किंवा लाकडी हातोडीने हलके ठोकत जायचे. गिलावा भिंतीला धरून असेल तर भरीव आवाज येतो, सुटला असेल तर पोकळ. कामावरचे वयस्क मिस्त्री भंडाऱ्याकडचे होते, मंदिराच्या कामांवर चुना हाताळलेले. ते माझ्या पुढे चालत ठोकत गेले आणि अर्ध्या भिंतीनंतर थांबले. “बाई, अहवाल दुसऱ्याच खोलीचा आणला का जी? हे तर भरीव वाजते.”

चारही भिंतींचा नकाशा काढला. हातभर उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीबरोबर आलेला क्षार, होता, छताच्या एका कोपऱ्यात पाणी मुरून गिलावा सुटला होता. बाकी सगळे घट्ट. याउलट सभागृहाच्या भिंती, ज्या दर काही वर्षांनी नेमाने रंगवल्या गेल्या, त्या छातीच्या उंचीपर्यंत पोकळ. वरून चकचकीत, आतून भुगा. एका ठिकाणी ऑइल पेंटचा पापुद्रा सुरीने उचलला तर मागून वाटीभर वाळू सांडली.

कारण सांगायला हवे, कारण समितीत यावरच सर्वांत जास्त शंका होत्या. दगड-चुन्याच्या जुन्या भिंतीला पायात ओलरोधक थर नसतो. जमिनीतले पाणी सूक्ष्म छिद्रांतून वर चढते आणि सोबत क्षार आणते. भिंत चुन्याची असेल तर ते पाणी वाटेतच पृष्ठभागावरून उडून जाते, क्षार पांढऱ्या भुकटीसारखे बाहेर येतात, ते झाडायचे आणि चुन्याचा हात मारायचा. वर्षाला पांढरी का काढत, याचे निम्मे उत्तर यात आहे. आता त्याच भिंतीवर ऑइल पेंटचा पडदा चढवला की पाण्याची बाहेर पडायची वाट बंद होते. ते आणखी वर चढते, क्षार पडद्यामागे स्फटिक होऊन फुगतात आणि गिलावा आतून ढकलून देतात. पोपडे दिसले की ठेकेदार ते खरवडून सिमेंट भरतो. सिमेंट पाणी चुन्याहून कमी सोडते, स्वतःचे क्षार आणते आणि कामठीच्या मऊ दगडापेक्षा कितीतरी कडक असते. बाहेरच्या बाजूला सांध्यांत सिमेंट भरले होते तिथे दगड झिजून आत गेला होता आणि सिमेंटच्या रेघा बरगड्यांसारख्या बाहेर उभ्या होत्या.

भर म्हणजे जमिनीची पातळी. आवारात पेव्हर ब्लॉक आले, बाहेरचा रस्ता सिमेंटचा होऊन उंच झाला. नागपूरकरांना हे सांगायची गरज नाही. पहिल्या पावसात रस्त्याचे पाणी अंगणात येणे आता कुठल्याच वस्तीत नवलाचे राहिलेले नाही. जोत्याचा एक थर जमिनीखाली गेला होता. शहरात वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली काळी माती, जी पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला कोरडे व्हायला मुभा कधी मिळणार?

रंगपट मात्र रंगाऱ्यांच्या हातून सुटला, तो मुलांच्या नियमामुळे. कुणाची ओळ पुसायची नाही, म्हणून रंग नाही. हा नियम कागदावर कुठेही नव्हता. तो सांभाळला शिपाईकाकांनी, एकाने दुसऱ्याला सांगत. सध्याचे काका म्हणाले, “मी लागलो तेव्हाच सांगितलं होतं न, बाकी सारं रंगवा, या खोलीत ब्रश नाही घालायचा. रंगवणारे आले की मी चाबीच हरवून टाकतो.”

तरीही सगळे श्रेय मुलांच्या नियमाला देणे बरोबर झाले नसते, आणि समितीतल्या एका प्राध्यापकांनी ते नेमके पकडले. रंगपट उत्तरेला आहे. नैऋत्येचा झोडपणारा पाऊस त्या बाजूला लागत नाही. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, त्यामुळे वारा खेळता. तुलना कशी करणार? प्रश्न रास्त होता. उत्तर रंगपटाला लागूनच मिळाले. त्याच उत्तरेच्या भिंतीवर, त्याच छपराखाली सामानाची खोली आहे, तिला ऑइल पेंट आहे. तिथे रंग काढून पाहिला. मागे गिलावा कमरेपर्यंत भुसभुशीत. दोन्ही खोल्यांचा पाया एक, दगड एक, पाऊस एक, ठळक फरक रंगाचा. यानंतर ‘लिखाणामुळे नुकसान’ हे वाक्य अहवालातून निघाले. खिडक्यांच्या वाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न मात्र पूर्ण सुटला नाही, आणि त्यामुळेच पुढे आम्ही काच बसवायला विरोध केला.

कोणाला काय हवे होते

संस्थेला सुरक्षितता आणि स्वच्छता हवी होती. त्यात काही वावगे नाही, छताचा गिलावा पडला होता. एका सदस्यांनी मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा १९९५चा कायदा पुढे केला. तो कायदा लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेवर विनापरवानगी लिहिण्या-चिकटवण्याबद्दल आहे, बंद रंगपटाबद्दल नाही, हे दाखवल्यावर तो मुद्दा मागे पडला. पण त्यामागची भीती खरी होती: आज इथे लिहू दिले तर उद्या पोर्चच्या खांबावर लिहितील. माझ्या मते उलट आहे. इतक्या वर्षांत दर्शनी दगडावर एकही नाव कोरलेले नव्हते, कारण लिहायला मानाची जागा होती.

माजी विद्यार्थ्यांचा गट पैसे द्यायला तयार होता, आणि पैसे देणाऱ्यांची कल्पना नेहमी ग्रॅनाइटची असते. सगळी नावे संगणकावर टाइप करून काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरायची, पोर्चमध्ये लावायची आणि खोली नवी करायची. दुसरा पर्याय भिंतीसमोर काच. ग्रॅनाइटमध्ये प्रॉम्प्टरचे अक्षर जाते, उरते ती यादी. काचेमागे ओल अडकते, म्हणजे ऑइल पेंटचीच चूक महाग करून.

मुले सुरुवातीला गप्प होती. मग एका बैठकीत विद्यार्थी प्रतिनिधी मुलगी म्हणाली, “मॅडम, सारे जुन्या नावांचं बोलून राहिले. आमच्या बॅचचं काहून कोणी विचारत नाही? आम्ही कुठं लिहायचं?” त्या दिवसापर्यंत आम्ही सगळेच, मीसुद्धा, भिंत जपायची वस्तू धरून चाललो होतो. तिच्या दृष्टीने ती वापरातली वस्तू होती. यापुढची चर्चा मग वेगळ्या दिशेने गेली.

काम

इमारत हेरिटेज यादीत असल्याने शहराच्या हेरिटेज संवर्धन समितीची परवानगी घ्यावी लागली. ती अपेक्षेपेक्षा सरळ मिळाली, कारण प्रस्तावात नवे काही उभारायचे नव्हते, बहुतेक गोष्टी काढायच्याच होत्या.

पहिले काम भिंतीपासून दूर, गटारात. फुटलेल्या पन्हळी बदलल्या, भिंतीलगतचे पेव्हर ब्लॉक उचलले, जोत्याभोवती चर खणून गिट्टी भरली आणि उतार बाहेरच्या बाजूला दिला. दुरुस्तीच्या खर्चातला हा सर्वांत कमी देखणा आणि सर्वांत उपयोगी भाग. उद्घाटनाच्या भाषणात त्याचा उल्लेख झाला नाही.

चुना कटनीचा आणला, कळीचा. तो आवारातच हौदात विरवला आणि कित्येक आठवडे पाण्याखाली मुरत ठेवला. मिस्त्रींनी बेलफळाचे पाणी आणि गूळ घालायचा आग्रह धरला. आम्ही नमुन्याचे तुकडे करून पाहिले आणि शेवटच्या घोटीव थरापुरते ते मान्य केले. सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, खालच्या थरात. वेळापत्रकावरून मोठी ओढाताण झाली. संस्थेला काम मे महिन्यात, सुट्टीत हवे होते. नागपूरच्या मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यासाठी त्याला ओलसर राहावे लागते. त्या उन्हात तो धरायच्या आधीच सुकतो आणि भुगा होतो. म्हणून मेमध्ये फक्त खरवडणे आणि छपराचे लाकूडकाम केले, गिलावा पावसाळा संपल्यावर, ओल्या गोणपाटाआड.

रंगपटात सर्वांत कमी हात लावला. सगळ्या भिंतींचे फोटो सरळ आणि तिरप्या उजेडात काढले, त्यामुळे मार्करच्या बऱ्याच ओळी परत वाचता आल्या. सुटलेल्या कोपऱ्यात बारीक छिद्रांतून पातळ चुना सुईने आत सोडून गिलावा पुन्हा चिकटवला. खालचा लोणा लागलेला हातभर पट्टा मात्र वाचवता आला नाही. तिथल्या काही ओळी गेल्या, एक पूर्ण संच सत्तरच्या दशकातला. त्यांतल्या एका नाटकाच्या प्रॉम्प्टरना, आता सत्तरी ओलांडलेल्या, आधी फोन करून कळवले. ते म्हणाले, “आमचं अक्षर तसंही वाईट होतं,” आणि पुढे बराच वेळ त्या वर्षीच्या नाटकात कोण काय विसरले होते ते सांगत राहिले. त्यांना येऊन परत लिहायची सूचना कोणीतरी केली, त्यांनी ती हसून नाकारली. नियम नियम आहे, प्रयोग झाल्याशिवाय लिहायचे नाही.

नव्या ओळींसाठी जागा सामानाच्या खोलीत काढली. तिथला भुसभुशीत गिलावा नाहीतरी काढायचाच होता. नवा चुन्याचा गिलावा, रंग नाही, दार रंगपटातून. लिहायचे ते गेरू किंवा काजळीनेच, ही अट मुलांनीच स्वतःला घातली. पुसट झालेल्या मार्करच्या ओळी पाहिल्यावर त्यांना समजवावे लागले नाही.

आजची स्थिती

सभागृह सुरू आहे, पण गॅदरिंगचे मुख्य नाटक आता बहुतेक वेळा सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात होते. दिवे, ध्वनी, खुर्च्या सगळे तिथे चांगले. मुले प्रयोग करून रात्री टेम्पोने सामान परत आणतात आणि मग लिहितात. प्रॉम्प्टर हा प्राणीही संपत आला आहे. एकांकिकेला लागतच नाही. पहिल्या वर्षी यावरून भांडण झाले आणि शेवटी प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलीने ओळ लिहिली. पुढच्या वर्षी संगीत वाजवणाऱ्याने. काही जुन्यांना हे रुचलेले नाही. मला ते नियमाला धरून वाटते.

सभागृहाच्या दक्षिण भिंतीवर दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा लोणा दिसला आणि मला दोन फोन आले. हे अपेक्षित होते. इतकी वर्षे साठलेले क्षार एका हंगामात जात नाहीत. खालचा गिलावा त्यांना शोषून घेण्यासाठीच मुद्दाम कच्चा ठेवला आहे, तो काही वर्षांनी काढून पुन्हा करायचा आहे. तसे लेखी दिले आहे.

अडचण दुसरीकडे आहे. संस्थेच्या वार्षिक देखभालीच्या निविदेचा नमुना सगळ्या इमारतींसाठी एकच आहे, आणि त्यात ‘आतील भिंती: खरवडून ऑइल पेंट, दोन हात’ ही ओळ छापलेलीच येते. या इमारतीपुरती ती दरवर्षी हाताने खोडावी लागते. गेल्या वर्षी ती खोडायची राहिली होती. रंगारी डबे घेऊन आले, आणि काकांची चाबी नेमकी त्या दिवशी सापडली नाही.